सहा वर्षांच्या मुलीला व्हीलचेअर की वॉकर? आधी माप घ्या

अमळनेर तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी सहा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवरचा ताबा बिघडतो तो आजार), कागदावर डॉक्टरांनी ‘स्पास्टिक डायप्लेजिया’ लिहिलंय. हात बऱ्यापैकी चालतात, बोलणं स्वच्छ आहे, पाय मात्र ताठ. जमिनीवर बसते, धरून उभी राहते, दोन्ही हात धरले तर चवड्यांवर पाच-दहा पावलं टाकते आणि पायांची कात्री होते. दीड वर्षापूर्वी शिबिरात व्हीलचेअर मिळाली, पण ती एवढी मोठी की मुलगी घसरत पुढे येते. आता ती खुर्ची ओट्यावर पडून आहे. त्याच वेळचे पायातले प्लॅस्टिकचे बूट टोचतात. घरी दोन एकर कोरडवाहू कापूस. शाळा नाल्यापलीकडे, अर्ध्या किलोमीटरवर. वॉकर घ्यावा की व्हीलचेअर, फुकट कुठे मिळेल, मुंबईला जावं लागेल का, असं त्यांनी विचारलंय. आणि सासूबाईंचं म्हणणंही लिहिलंय: ‘पोर खुर्चीमा बठनी ते चालाले कव्हय शिकी?’

ताई, मी २१ वर्षं जळगाव, धुळे आणि नंदुरबार भागात लहान मुलांची फिजिओथेरपी करते. तुमच्यासारखी पत्रं महिन्याला दोन-तीन येतात आणि बहुतेकांत ही न वापरलेली खुर्ची असतेच. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

बाजारात आणि शिबिरात मिळणारी नेहमीची घडीची व्हीलचेअर मोठ्या माणसासाठी असते. तिच्या सीटची रुंदी १८ इंच, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर. सहा वर्षांच्या मुलीच्या कमरेची बसल्यावरची रुंदी २२-२३ सेंटिमीटरच्या आसपास भरते. त्या खुर्चीत तिच्याएवढ्या दोन मुली शेजारीशेजारी बसतील. तिची मांडी सीटच्या खोलीपेक्षा आखूड, त्यामुळे गुडघा वाकवायला जागा मिळावी म्हणून ती आपोआप पुढे सरकते. पुढे सरकली की माकडहाडावर बसते आणि पाठीला बाक येतो. पाठ वाकली की मान वर करायला जोर लागतो, आणि मानेलाच जोर लागत असेल तर हात पाटी-पेन्सिलसाठी मोकळे राहत नाहीत. वर रेक्झिनची सीट झोळीसारखी खाली दबते आणि दोन्ही गुडघे आत ओढले जातात. कात्री होणाऱ्या मुलीला हे विशेष वाईट, कारण मांड्या सतत आत राहिल्या की खुबा सांध्यातून बाहेर सरकण्याचा धोका वाढतो. ती खुर्चीत बसायला नको म्हणत असेल तर तो हट्ट नाही, तिला खरोखर त्रास होतो.

पण ती खुर्ची टाकून देऊ नका. योग्य साधन येईपर्यंत गावातल्या सुताराकडून तिच्यात पुष्कळ करून घेता येतं. १२ मिलिमीटरचा प्लायवूड सीटच्या मापाने कापून घ्या. त्यावर घट्ट फोम लावा, गादीचा मऊ कापूस नको, तो आठवड्यात बसतो. पाठीलाही अशीच कडक फळी द्या आणि तिच्यामागे एवढी भर घाला की सीटची उरलेली खोली तुमच्या लेकीच्या मांडीएवढीच राहील. दोन्ही बाजूंना गोधडीच्या घट्ट वळकट्या कापडात शिवून बसवा. दोन गुडघ्यांच्या मध्ये मऊ कापड गुंडाळलेला छोटा ठोकळा ठेवा, मुठीएवढा पुरे. पाय लोंबकळू देऊ नका. पायठेवणीवर लाकडी खोकं बसवून तळवे पूर्ण टेकतील असं करा. पट्टा पोटावर बांधायचा नसतो. तो मांडी आणि कंबर जुळते तिथे, सीटच्या मागच्या कोपऱ्याकडे तिरपा ओढलेला हवा. पोटावर बांधला तर मूल त्याच्याखालून घसरतं आणि पट्टा छातीपाशी, कधी गळ्यापाशी जातो. हे मी स्वतः पाहिलंय, म्हणून एवढं ठासून सांगते.

आता माप. हे घरी तुम्ही दोघं मिळून घेऊ शकता, शिंप्याची टेप लागेल. कडक स्टूल किंवा पाट भिंतीला टेकवून ठेवा, मुलीचे कुल्ले भिंतीला पूर्ण लागतील अशी बसवा. एकाने तिला सरळ धरायचं. कमरेच्या दोन्ही बाजूंना दोन जाड पुस्तकं उभी टेकवा आणि त्यांच्यामधलं अंतर मोजा. ही सीटची रुंदी, दोन्हीकडे बोटभर जास्त चालेल, त्याहून नको. भिंतीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत मोजा आणि त्यातून चार सेंटिमीटर वजा करा. ही सीटची खोली. दोन्ही मांड्या वेगवेगळ्या मोजा. एक आखूड भरली तर ते खुबा सरकल्याचं लक्षण असू शकतं, डॉक्टरांना नक्की सांगा. मग गुडघ्याच्या खळीपासून टाचेपर्यंत, बूट घालून. आणि सीटपासून खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकापर्यंत. हे चार आकडे तारखेसह वहीत लिहा. दर चार महिन्यांनी पुन्हा मोजा, या वयात मूल भराभर वाढतं.

माप बरोबर असलेली खुर्ची मिळाली तरी ती तुमच्या रस्त्यावर चालली पाहिजे. शहरात दवाखान्याच्या फरशीवर झकास पळणारी खुर्ची आपल्या काळ्या मातीत पहिल्या पावसात रुतते. पुढची चाकं जितकी लहान आणि अरुंद, तितकी ती लवकर अडकतात आणि खुर्ची तोंडावर पालथी होते. म्हणून पुढची चाकं मोठी आणि रुंद मागा. तीन चाकांची, पुढे लांब असलेली खडबडीत रस्त्याची खुर्चीही येते. नाल्यापलीकडची शाळा असेल तर ती सोयीची. टायर हवेचे की भरीव, हा प्रश्न आपल्याकडे बाभळीच्या काट्यांचा आहे. हवेचे टायर मऊ चालतात, पण शेतरस्त्यावर आठवड्याला पंक्चर ठरलेलं. रोजची वाट काट्याची असेल तर मी भरीव टायर घ्यायला सांगते, थोडे धक्के बसले तरी. मागचं चाक मात्र सायकलच्या मापाचं हवं, म्हणजे बेअरिंग किंवा आरी गेली तर गावातला सायकलवाला दुरुस्त करील. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली व्हीलचेअरविषयी मार्गदर्शिका काढली. तिच्यातही मुख्य भर यावरच आहे: माणसाचं मूल्यमापन, माप, बसवून पाहणं, घरच्यांना शिकवणं आणि नंतर पुन्हा तपासणी. आपल्याकडे वाटप होतं, पण हा शेवटचा टप्पा कोणी करत नाही. तो तुम्हाला मागून घ्यावा लागेल.

सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. त्यांची काळजी खरी आहे आणि त्यांना गप्प करून काम होणार नाही, कारण दिवसभर मुलीजवळ त्याच असतात. त्यांना हे समजावून सांगा: या मुलीला चालायला तिच्या वयाच्या इतर पोरांच्या दुप्पट-तिप्पट ताकद लागते. ती घरातून न्हाणीपर्यंत चालली तर आपण शेताला फेरी मारून आल्यासारखं तिचं अंग थकतं. शाळेपर्यंतचं अर्धा किलोमीटर तिला चालवत नेलं तर वर्गात पोहोचेपर्यंत ती संपलेली असेल आणि अक्षरं गिरवायला जोर उरणार नाही. म्हणून चालणं घरात, अंगणात, व्यायाम म्हणून आणि आनंदाने. लांबचं अंतर, बाजार, जत्रा, शाळेची वाट खुर्चीतून. खुर्ची मिळाली म्हणून चालणं सोडलं असं मूल माझ्याकडे आलेलं नाही. खुर्ची नाही म्हणून घरात बसून राहिलेली, शाळा सुटलेली, पाठ वाकलेली मुलं मात्र मी पुष्कळ पाहिली आहेत.

तेव्हा ‘वॉकर की व्हीलचेअर’ याचं उत्तर, तुमच्या लेकीसाठी, दोन्ही. दोन वेगळ्या जागांसाठी.

वॉकरबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे घराघरांत चूक होते. आपल्याकडे पूर्वापार पांगुळगाडा आहे. लाकडी, तीन चाकांचा, मूल धरून ढकलत चालतं. कित्येक आजोबा सुताराकडून तो मोठ्या मापाचा बनवून घेतात आणि मला फोटो पाठवतात. त्यांच्या प्रेमाचा मला आदर आहे आणि पहिल्या चाचणीसाठी पांगुळगाडा वाईटही नाही. अडचण अशी की चाकं सुसाट पुढे पळतात, मूल पुढे झुकतं, गुडघे वाकतात, टाचा उचलल्या जातात. ताठ पायांच्या मुलाचं जे आधीच बिघडलेलं असतं तेच आणखी बिघडतं. म्हणून वापरायचा तर खालच्या फळीवर कापडात गुंडाळलेली एक-दोन विटांची भर बांधा, म्हणजे वेग कमी होईल, आणि मूठ उंच करा. आठवडाभर पाहा. तरीही ती पुढे वाकून चालत असेल तर तिला मागून धरायचा वॉकर लागेल. त्याची चौकट मुलाच्या पाठीमागे असते, मूल ती मागे ओढत चालतं, त्यामुळे छाती उघडी राहते आणि कंबर सरळ होते. डायप्लेजियाच्या बऱ्याच मुलांना हाच जास्त मानवतो. मुठीची उंची: मुलगी ताठ उभी, हात खाली सोडलेले, तेव्हा मनगटाच्या रेषेपर्यंत. धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं दिसलं पाहिजे.

आणि प्लॅस्टिकचा तो रंगीत गोल वॉकर, मध्ये लोंबती सीट असलेला, तो कोणी आणून दिला तरी घेऊ नका. मूल त्यात चवड्यांनी जमीन ढकलायला शिकतं. आपल्याला नेमकं तेच सोडवायचंय. उंबऱ्यावरून उलटण्याचा धोका वेगळाच. कॅनडाने तर धडधाकट बाळांसाठीसुद्धा त्याच्यावर २००४ साली बंदी घातली.

उंबऱ्यावरून आठवलं, ते सांगितलं पाहिजे. माझ्या कामाच्या तिसऱ्या वर्षी शिरपूरकडच्या एका मुलाला मी चांगला वॉकर मिळवून दिला. दवाखान्यात तो त्याच्यावर छान चालायचा. चार महिन्यांनी त्याच्या घरी गेले तर वॉकर खुंटीला टांगलेला. धाब्याचं घर, दार अरुंद, उंबरा वीतभर उंच, अंगणात शेणाचा सडा, बाहेर पडलं की उतार. वॉकर दारातून निघतच नव्हता. मी घर न पाहताच साधन दिलं होतं आणि मुलाचे चार महिने वाया गेले. तेव्हापासून मी दाराची रुंदी आणि उंबऱ्याची उंची लिहून आणल्याशिवाय कुठलंही साधन सुचवत नाही. तुम्हीही मोजा. ओट्याला उतार करायचा असेल तर एकास बारा हे प्रमाण लक्षात ठेवा: सहा इंच उंचीसाठी सहा फूट लांब उतार. त्याहून उभा केला तर उतरताना खुर्ची आवरत नाही. अंगणात दोन समांतर बांबू तिच्या मनगटाच्या उंचीवर, आठ-दहा फूट लांब पक्के रोवा. चालण्याच्या सरावासाठी याहून स्वस्त काहीच नाही आणि आजीला खाटेवर बसून लक्षही ठेवता येतं.

पायातल्या बुटांबद्दल. कागदावर त्यांना ए.एफ.ओ. म्हणतात, आपण स्प्लिंट म्हणू. टोचतात याचं पहिलं कारण बहुधा हेच, की ते दीड वर्षापूर्वीच्या पायाचे आहेत. वाढत्या मुलाचा स्प्लिंट सहा महिने ते वर्षभरात लहान होतो. बोटं पुढच्या कडेबाहेर आली किंवा घोट्याचं हाड प्लॅस्टिकच्या उंचवट्याखाली बसेनासं झालं, की तो बदलायचा. काढल्यावर कातडीवर लाल खूण दिसली तर घड्याळ लावा. वीस-तीस मिनिटांत गेली तर ठीक. तशीच राहिली तर त्या जागी दाब येतोय, घालणं थांबवा आणि बनवणाऱ्याकडे जा. गरम करून ती जागा फुगवता येते, दहा मिनिटांचं काम असतं. आपल्या उन्हाळ्यात, पारा ४५ला टेकतो तेव्हा, प्लॅस्टिकखाली घामोळं येतं. पातळ सुती मोजे, घडी न पडू देता, दिवसातून दोनदा बदला. आणि स्प्लिंट पत्र्यावर, उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, आकार बिघडतो.

स्प्लिंट नुसता घालून फरशीवर उभं करू नका, पाय घसरतो. त्यावर एक माप मोठा, पूर्ण उघडणारा बूट लागतो. घरात चप्पल-बूट चालत नाही हे मला माहीत आहे. त्यासाठी एक जोड फक्त घरातला ठेवा, बाहेर कधीच न घातलेला. मी हे सुचवलं की बहुतेक आजी राजी होतात. दिवसभर स्प्लिंट घालायची गरज नाही. जमिनीवर खेळताना, रांगताना ते अडचणच करतात. उभं राहणं, चालणं, खुर्चीत बसणं यांना घाला. उभं राहणं दिवसातून सगळं मिळून तासभर तरी व्हायला हवं, स्टँडिंग फ्रेममध्ये किंवा सुताराने केलेल्या उभ्या फळीला बांधून, समोर पाटावर खेळ मांडून. हाडं आणि खुबे मजबूत राहायला याचा खूप उपयोग होतो.

एक गोष्ट नवीन स्प्लिंट करण्याआधीच: वर्षभरात खुब्याचा एक्स-रे काढला नसेल तर आधी तो काढून घ्या. खुबा सरकत असतो तेव्हा सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. आणि टाच हाताने दाबूनही खाली येत नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय स्प्लिंटवर पैसे घालू नका. आखडलेल्या पायावर बनवलेला स्प्लिंट टोचणारच.

तुम्ही विचारलं नाही, तरी न्हाणी आणि संडास याबद्दल लिहितेच. सहा वर्षांची मुलगी आज उचलून नेता येते. दहाव्या वर्षी तुमची कंबर जाईल आणि बाराव्या वर्षी तिला लाज वाटू लागेल. आमच्याकडे शाळा सुटलेल्या मुलींच्या आयांना कारण विचारलं तर पुष्कळदा हेच निघतं, शाळेत तिला बसता येईल असा संडास नाही. आत्तापासून बसण्याची सोय करा. हात असलेल्या मजबूत प्लॅस्टिक खुर्चीच्या सीटला सुताराकडून गोल कापून घ्या, कडा घासून गुळगुळीत करा, भारतीय भांड्यावर ठेवा. पुढे धरायला आडवा दांडा आणि पायांखाली ठोकळा. भिंतीला एक पाइप तिच्या छातीच्या उंचीवर पक्का बसवा. तिचा तिला तोल सांभाळता आला की दार लोटून घेता येतं, आणि त्या वयात ते फार मोठं असतं. शाळेतही मुख्याध्यापकांकडे हीच मागणी लेखी करा.

आता कुठे जायचं ते. पहिला थांबा मुंबई नाही. तुमच्या जिल्ह्यातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. ते ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालतं, तो २०१३ साली सुरू झाला आणि त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात. त्यांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. गावातल्या आशाताईंना त्यांची तारीख विचारा, किंवा सरळ ग्रामीण रुग्णालयातून संदर्भचिठ्ठी घेऊन जा. तिथे तपासणी, एक्स-रे आणि थेरपिस्टचं लेखी मत घ्या. त्या कागदावर नुसतं ‘व्हीलचेअर’ लिहून घेऊ नका. ‘लहान मुलाची, सीट अमुक सेंटिमीटर, कडक बैठक, गुडघ्यांमध्ये ठोकळा, कमरेचा पट्टा’ असं लिहून मागा. मागणी जितकी नेमकी, तितकं मिळणारं साधन कामाचं.

युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर आजच अर्ज करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि सेरेब्रल पाल्सी त्यात नावानिशी आहे. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. कार्डावरच्या पट्टीचा रंग त्यावरून ठरतो: ४०च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० किंवा अधिक असेल तर निळा. मुलांना अनेकदा ठरावीक मुदतीचंच प्रमाणपत्र देतात. मुदत कधी संपते ते पाहा, नाहीतर ऐन शिबिरात कागद परत येतो.

मोफत साधनांचा मुख्य रस्ता म्हणजे केंद्राची एडिप योजना, १९८१पासूनची. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण खर्च, त्यापुढे ३०,००० पर्यंत निम्मा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला सेतूमधून काढून ठेवा. एक नियम फार थोड्यांना माहीत असतो: मोठ्या माणसाला तेच साधन तीन वर्षांत पुन्हा मिळत नाही, पण १२ वर्षांखालच्या मुलाला ही अट एका वर्षाची आहे. तुमच्या लेकीला दीड वर्ष झालंय, म्हणजे ‘एकदा दिलंय’ असं कोणी म्हणालं तर शांतपणे हे सांगा. या योजनेतली बरीच साधनं कानपूरच्या अलिम्को या १९७२ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीकडून येतात. त्यांच्याकडे लहान मुलांची व्हीलचेअर, रोलेटर (चाकांचा वॉकर) आणि सी. पी. चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची खास खुर्ची) हेही असतं. हे वेगळं, नावाने मागावं लागतं, न मागता बहुधा मोठी घडीचीच हातात येते.

दुसरा रस्ता शाळेतून. नाव पहिलीत असेल तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, समग्र शिक्षा अभियानाचे. त्यांना भेटा. शाळकरी मुलांसाठी त्यांच्यामार्फत आणि अलिम्कोबरोबर वेगळं मोजमाप शिबिर होतं. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता आणि दिव्यांग मुलींचा महिना २०० रुपयांचा, वर्षाला दहा महिन्यांचा भत्ता हेही तिथेच विचारा. मोजमाप आणि वाटप यांच्यामध्ये काही महिने जातात आणि तेवढ्यात मूल वाढतं. म्हणून वाटपाच्या दिवशी जाताना आदल्या दिवशीची ताजी मापं वहीत घेऊन जा. मंडपात फोटो काढून साधन घेऊन निघायची घाई असते. तुम्ही निघू नका. तिला तिथेच बसवून पाहा, पाय टेकतात का, कंबर मागे लागते का ते पाहा. बसत नसेल तर तिथल्या तंत्रज्ञाला दाखवा, नोंद करून घ्या आणि बदलून मिळण्याची लेखी पोच घ्या. फार नम्रपणे, पण हलायचं नाही.

उरलेल्या वस्तू, म्हणजे उतार, संडासचा पाइप, बांबू, फळ्या, यांच्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करा. स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं तिच्यावर बंधनकारक आहे. गावचं उत्पन्न कमी असेल तर रक्कम लहान असते, पण सुताराची मजुरी निघते.

मुंबईला हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५पासूनची. पाठीला बाक, शस्त्रक्रियेचा विचार, किंवा मापाची खास बैठक बनवावी लागणार असेल तर तिथे जरूर जा. रेल्वेत, सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अशा मुलाला आणि एका सोबत्याला शयनयान वर्गात ७५ टक्के सवलत असते. त्याचा दाखला आधी सरकारी डॉक्टरांकडून भरून घ्या. तुमच्या मुलीचं आज जे वर्णन आहे त्यावरून पहिलं वर्षभराचं काम जिल्ह्यातच होईल असं मला वाटतं.

खिशातून खर्च करायचाच असेल तर स्प्लिंटवर करा. खुर्ची आणि वॉकर सरकारी मार्गाने मिळवता येतात, बसण्याच्या सोयी सुतार करतो, पण स्प्लिंट पायाचा साचा घेऊनच व्हायला हवा आणि तो वेळेत बदलायला हवा. तयार मापाचे, डब्यातून निघणारे स्प्लिंट ताठ पायांना बसत नाहीत.

हे वाचणाऱ्यांमध्ये धडगाव-अक्कलकुवा भागातले किंवा ऊसतोडीला गुजरातेत जाणारे कोणी असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. डोंगरातल्या पाड्यावर खुर्ची निरुपयोगी ठरू शकते. तिथे मुलाला कडेवर, दोन्ही पाय फाकवून घेणं हे खुब्यांसाठी उत्तम आहे. दोन्ही पाय जुळवून, बाळासारखं आडवं उचलू नका. आणि दिवाळीनंतर कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीवर) जाताना घडी होणारं साधन आणि स्प्लिंट सोबत न्या. सहा महिने ते घरी राहिले तर परत आल्यावर पाय पुन्हा आखडलेले असतात आणि स्प्लिंट घालताच येत नाही.

ताई, केंद्रात पहिल्यांदा जाल तेव्हा पिशवीत एवढं घ्या: मापांची वही, जुने स्प्लिंट, तिचे नेहमीचे बूट, दाराची रुंदी आणि उंबऱ्याची उंची लिहिलेला कागद, आणि मोबाइलमध्ये ती घरात चालतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ, अर्धा समोरून आणि अर्धा बाजूने, पाय गुडघ्यापर्यंत उघडे ठेवून. दवाखान्यात मुलं बिचकतात आणि घरी चालतात तशी चालत नाहीत. सासूबाईंनाही सोबत न्या. पट्टा कुठे बांधायचा आणि लाल खूण कशी पाहायची हे त्यांनी थेरपिस्टकडून स्वतः शिकून घेतलेलं बरं.